एकुलती किडनी आणि फोंड्याचा घाट

हे लिहायला बसले तेव्हा माझी सून शुभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, लोकांका काय मुताची गजाल सांगतलात?" गजाल म्हणजे आमच्याकडे गोष्ट, गप्पा. तिला म्हटलं, होय, तीच सांगणार आहे. आजारपणावर लिहिणारी माणसं देवाचं लिहितात, धीराचं लिहितात, खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचं लिहितात. माझ्या आजारपणात जे काही घडलं ते लघवीभोवतीच घडलं. त्याला मी काय करू?

मी मालवणजवळ किनाऱ्यावरच्या एका वाडीत राहते. नवरा होडी घेऊन समुद्रावर जातो आणि मी मासे विकायचे. विकायचे म्हणते, कारण आता पाटी सुनेकडे गेली. मला एकच किडनी आहे. तीही एका स्कॅनच्या पायी जाता जाता राहिली. त्यात स्कॅनचा दोष कमी आणि माझा, म्हणजे आम्हा बायकांच्या एका जुन्या सवयीचा जास्त. तुम्हाला एकच किडनी असेल आणि डॉक्टरांनी रंगाचं इंजेक्शन देऊन स्कॅन करायला सांगितलं असेल, तर घाबरू नका. पण हे वाचा आणि मग गाडीत बसा.

पहिली गेली ती

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या डोक्यावर पाटी दिली आणि सांगितलं, "गो, बाजारात पाणी पिव नको. थंय जातलंस खंय?" त्यांना त्यांच्या सासूने हेच सांगितलं असणार.

आम्ही सकाळच्या एसटीने आतल्या गावातल्या बाजारात जायचो. तिथे बायकांनी जावं अशी जागा नव्हती. आजूबाजूला घरं होती, माणसंही चांगली होती, बांगड्याच्या वाट्यावर जीव टाकायची. पण मासळीचा वास लागलेल्या बाईने त्यांच्या परसात जाऊ का म्हणून विचारायचं, हे काही आमच्याने झालं नाही. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, कारण आम्ही कधी विचारलंच नाही. मग उठल्यापासून घरी परतेपर्यंत तोंडात सुपारीचं खांड धरायचं आणि गप्प बसायचं. घरी आलं की उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायचं. बाजारातल्या सगळ्याच बायका असं करायच्या. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं कोणालाच वाटलं नाही.

मला मुतखडा झाला. उजव्या कुशीत दुखायचं, मी मेडिकलमधून गोळी आणायचे, की पुन्हा पाटी डोक्यावर. डॉक्टरांनी बघितलं तेव्हा ती किडनी कामातून गेलेली होती. कोल्हापूरला नेऊन काढली. तिथले डॉक्टर म्हणाले, "आता राहिलेली सांभाळायची. पाणी भरपूर प्यायचं." मी मान हलवली. घरी असले की प्यायचे, बाजारात गेले की नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

सावली

पुढे काही वर्षांनी बरगडीखाली एक मंद दुखणं सुरू झालं. जेवण जाईना. मासळीचं कालवण समोर आलं तरी मी ताट सरकवायला लागले, तेव्हा घरच्यांनी दुखणं मनावर घेतलं. मुलगा दिगू मला मालवणला घेऊन गेला. सोनोग्राफी करता करता डॉक्टर बोलायचे थांबले. मशीन पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवत राहिले. मग म्हणाले, "लिव्हरमध्ये एक सावली दिसतेय. नक्की काय ते मोठ्या स्कॅनशिवाय कळणार नाही."

दिगू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा होता. त्या रोगाचं नाव परत येताना कोणी घेतलं नाही, घरी पोचल्यावरही नाही. नवरा दारापुढच्या खळ्यात जाळं विणत बसला होता. दिगूने सांगितलं ते ऐकून "बरा" म्हणाला आणि पुन्हा सुई हातात घेतली. थोड्या वेळाने बघते तर तीच गाठ बांधत होता आणि तीच सोडत होता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना माझी एकच किडनी आहे हे ठाऊक होतं. त्यांनी आधी रक्त तपासलं आणि क्रिएटिनिनचा आकडा बघून म्हणाले, "एका किडनीच्या मानाने ठीक आहे. स्कॅनच्या वेळी देतात तो रंग किडनीतूनच बाहेर पडतो. म्हणून आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. दुखण्याची गोळी बिलकुल घेऊ नका. आणि स्कॅननंतर दोन-तीन दिवसांनी रक्त पुन्हा दाखवा." नीट, सावकाश सांगितलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे आमच्या घरी सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं. त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं आणि मला कळलंही होतं. पण कोल्हापूरची एसटी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. असणार कशी? ते गाडीने फिरणारे, शिवाय पुरुष.

कोरडा प्रवास

पहाटेची गाडी होती. शुभाने पाण्याची बाटली भरून दिली, मी ती पिशवीत ठेवली. आदल्या संध्याकाळपासूनच मी हात आखडता घेतला होता. गाडीचा दिवस म्हणजे पाणी नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की त्यासाठी वेगळं ठरवावं लागत नाही. स्टँडवर गाडी थांबते, पण किती वेळ ते कंडक्टर सांगत नाही, आणि बायकांची रांग असते. उतरलं आणि गाडी गेली तर? पन्नाशीच्या बाईने परगावी एसटीमागे धावायचं?

"पाणी घे गो आये," दिगू दोनदा म्हणाला.

"मगे."

घाटात बरगडीखाली फार दुखायला लागलं. बटव्यात कमरदुखीच्या गोळ्या असायच्या, पाटी वाहणाऱ्या प्रत्येक बाईकडे असतात. एक काढली आणि घोटभर पाण्याबरोबर घेतली. त्या प्रवासातलं माझं पाणी तेवढंच.

स्कॅनच्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आमचे कागद बघितले आणि विचारलं, "कालपासून पाणी भरपूर प्यायलात ना?" विचारलं माझ्याबद्दल, पण बघत होते दिगूकडे. अशा ठिकाणी प्रश्न पँटवाल्यालाच विचारतात. आणि आमचा दिगू, घरी मालवणीशिवाय शब्द काढत नाही, तिथे अगदी शुद्ध मराठीत म्हणाला, "हो सर. सांगितल्याप्रमाणे सगळं केलंय."

बाटली भरलेलीच आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझी जीभ टाळूला चिकटलेली होती. पण प्यायले नाही म्हटलं तर ते का म्हणून विचारणार, आणि ते का मी दोन पुरुषांसमोर सांगणार. शिवाय परत पाठवलं तर पुन्हा घाट. मी गप्प राहिले.

रंग अंगात गेला तशी एक ऊब घशापासून खाली उतरत गेली आणि वाटलं, झालं, कपड्यातच झाली. असं वाटतं सगळ्यांनाच, नुसतंच वाटतं. मी चाचपून बघितलं तर कोरडीच होते. तेव्हा मला हसू आलं होतं.

म्हावरा गावला काय

रिपोर्ट चांगला आला. रक्तवाहिन्यांचा साधा गुंता असावा, बहुतेक जन्मापासूनचा. एक कड स्पष्ट नाही म्हणून काही महिन्यांनी पुन्हा बघू, एवढंच. त्या दिवशी घरी सुरमई आली. शुभाने तळायला घेतली आणि मला वासाने ओकारी आली. रिपोर्ट चांगला म्हटल्यावर रक्त तपासायचं कोणाच्या लक्षात राहणार?

दोन दिवसांनी मी चूल पुसत होते, तर शुभाने माझा हात धरला. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आई, तुमी लघवीक कधी गेलात?"

मला आठवेना. आणि आठवत नाही याचं नवलही वाटलं नाही. न जाण्याचीच तर जन्मभर सवय.

रक्त तपासलं तर आकडा भलताच वर गेलेला. भाड्याच्या जीपने मला पुन्हा कोल्हापूरला नेलं. वाटेत दिगू सारखा विचारत होता, "आये, खंय थांबवू काय?" आयुष्यात पहिल्यांदा गाडी माझ्यासाठी वाटेल तिथे थांबायला तयार होती, आणि मला गरज नव्हती.

हॉस्पिटलात किडनीच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दिगूला बाहेर उभं केलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "खरं सांगा. पाणी प्यायला होतात?"

"नाही."

"का?"

"एसटी होती."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग नुसतं "हं" म्हणाल्या. गोळीचंही मी सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आधी सलाईन लावलं. पण लघवी होईना, पाय सुजत चालले, तेव्हा पाणीच मोजून द्यायला लागले. दिवसभरात एवढंच, असं म्हणून उशाशी एक भांडं ठेवायचे. जन्मभर मी पाण्याला नाही म्हणत आले होते. आता घशाला कोरड पडायची, मी मागायचे, आणि नर्स ओल्या फडक्याने ओठ पुसून जायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईसाठी रोज शहाळं यायचं. ती प्यायला लागली की मी भिंतीकडे तोंड करायचे. आमच्या दारात माड आहेत.

रोज सकाळी नर्स मापाचं भांडं उजेडात धरायची. सगळ्या घराचा जीव त्या भांड्यात. घरी फोन नव्हता, म्हणून नवरा वाडीतल्या दुकानातून दिगूला फोन करायचा. दुकानात सकाळी चार माणसं असायचीच, आणि बायकोच्या लघवीची चौकशी त्यांच्यादेखत करायची म्हणजे ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं. मग यांनीच एक युक्ती काढली.

"म्हावरा गावला काय?" ते विचारायचे. म्हावरा म्हणजे मासळी.

"नाय, बाबा. वायच. तळाक लागला इतक्या." वायच म्हणजे थोडंसं.

दुकानदाराला बरेच दिवस वाटत होतं की दिगू कोल्हापूरला तलावावर मासे धरायला गेलाय.

समोरच्या खोलीत डायलिसिसवर येणारी माणसं बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपण अजून जरा वाट बघू. नाहीच झाली तर करावं लागेल." मी मनात हिशेब केला तो घाटाचा. आठवड्यातून इतक्या वेळा घाट चढायचा आणि उतरायचा, मरेपर्यंत. दिगू माझ्याबरोबर आला की होडीवर ह्यांच्यासोबत कोण? शुभा माझ्याबरोबर आली की पाटी कोणाच्या डोक्यावर? मी घाबरले होते. पण भीतीपेक्षा कंटाळा मोठा होता. एकदा कसंही होऊन जाऊ दे आणि ही माणसं मोकळी होऊ देत, असं मला वाटायला लागलं होतं. हे लिहायची लाज वाटते, पण अशाच खाटेवर पडून हे वाचणारं कोणीतरी असेल. तुम्हालाही तसं वाटत असेल तर तुम्ही वाईट नाही, दमलेले आहात.

दिगू जेवेनासा झाला. एकदा भांडं बघून झाल्यावर माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "माझ्यामुळे झाला ह्या. 'होय' मियाच म्हटलंय."

मी म्हटलं, "तुका खंय म्हायत व्हता? बाटली भरलेलीच व्हती."

त्याने मान वर केली. "भरलेली? मगे तू कित्याक गप रवलंस?"

तो उठून बाहेर गेला आणि त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. शुभा दोघांच्या मधे डबा घेऊन फिरत राहिली. राग त्याचा खरा होता. माझा मुलगा दिवसचे दिवस स्वतःला खात होता आणि बाटलीचं मला माहीत होतं.

मग एका सकाळी भांड्यात थोडी जास्त दिसली. दुसऱ्या सकाळी आणखी. नर्स म्हणाली, "वा, आज छान आहे." इतक्या मनापासून माझं कौतुक शाळेतसुद्धा कोणी केलं नव्हतं. दिगूने फोनवर सांगितलं, "बाबा, आज रापण भरली." रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. नंतर दुकानदाराने सांगितलं, हे फोन हातात धरून रडत होते.

आकडा उतरला, पण जुन्या जागी नाही. एक पायरी वरच थांबला आणि अजून तिथेच आहे. मी अशक्त झाले ती झालेच. बाजार सुटला. दुपारचं पडल्याशिवाय संध्याकाळ निभत नाही.

पुन्हा तोच रंग

काही महिन्यांनी सोनोग्राफी झाली. त्या सावलीची कड अजून स्पष्ट नव्हती, उलट सावली जरा मोठी वाटली. म्हणजे पुन्हा स्कॅन, पुन्हा तोच रंग. घरी एकच कल्लोळ झाला. नवरा कधी मोठ्याने बोलत नाही, पण म्हणाला, "नको. असलेली एक ती पण जाईत." दिगूने तर नाव काढू नका म्हणून सांगितलं. आणि तो रोग असेल तर? ते कोणी म्हणेना.

शेवटी मीच दिगूच्या फोनवरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "एकच किडनी आहे म्हणून स्कॅन करायचाच नाही, असं नसतं. तुमची किडनी आधीच कोरडी होती, वर गोळी, त्यात रंग. या वेळी रंग कमी देऊ. आदल्या दिवशी दाखल व्हा, सलाईन लावू. पण घरापासून पाणी पीत या. कोरड्या आलात तर मी स्कॅन करू देणार नाही."

जीप ती घाईच्या वेळी. एरवी आम्ही एसटीची माणसं. या वेळी शुभाही आली. बाटली तिने आपल्या मांडीवर ठेवली होती. थोड्या थोड्या वेळाने ती माझ्यापुढे धरायची आणि मी घोट घेतल्याशिवाय हात मागे घ्यायची नाही. कणकवलीच्या स्टँडवर आम्ही जाऊन आलो, दिगू गाडीच्या दारात पाय रोवून उभा राहिला. तिथपर्यंत ठीक होतं.

फोंड्याचा घाट अर्धा चढला आणि मला लागली. जुनी सवय म्हणाली, धर. राधानगरीला उतर. मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट पकडला. मग मला ते मापाचं भांडं आठवलं, उजेडात धरलेलं. आता ह्या किडनीलाही पुन्हा धरायला शिकवायचं? मी उठले.

"मावशी, हय घाट आसा," कंडक्टर म्हणाला. "गाडी थांबवूक येवची नाय. राधानगरीक थांबतली."

मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाबा, माका एकच किडनी आसा. ती राधानगरीपर्यंत थांबाची नाय."

कोणीतरी हसलं. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि वळण संपल्यावर रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. दिगू खिडकीबाहेर बघू लागला. शुभा पिशवीतली चादर घेऊन माझ्याबरोबर उतरली आणि झुडपापाशी आडोसा धरून उभी राहिली.

मी परत आले तर मागच्या सीटवरची एक नऊवारीतली आजी पायरीवर होती. तिच्यामागे वह्या छातीशी धरलेली एक कॉलेजची मुलगी. तिच्यामागे लेकुरवाळी एक, मूल नवऱ्याकडे देऊन. मग आणखी दोघी. पुढच्या सीटवरचे एक म्हातारे गाडीला उशीर होतो म्हणून पुटपुटले, तशी नऊवारीवाली खालूनच म्हणाली, "तुमका आडोसो लागणा नाय, म्हणान तुमका उशीर दिसता." कंडक्टर दरीकडे तोंड करून उभा होता. "आणि कोण आसा काय?" तो न वळता विचारत होता. शेवटची बाई चढेपर्यंत शुभा चादर धरून तिथेच होती. गाडीत आल्यावर ती बराच वेळ दंड चोळत बसली.

दुसऱ्या दिवशी स्कॅनच्या खोलीत तेच तरुण डॉक्टर. त्यांनी दिगूकडे बघून विचारलं, "पाणी भरपूर प्यायल्या ना?" दिगूने माझ्याकडे बघितलं.

"मला विचारा," मी म्हटलं. "प्यायले. घाटात गाडी थांबवून आलेय."

सावली साधीच निघाली, गुंता तो गुंताच. पण आम्ही घरी गेलो नाही, दोन दिवसांनंतरच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबलो. आकडा होता तिथेच होता, तसूभर हलला नव्हता. दिगूने दुकानात फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"म्हावरा गावला काय?" पलीकडून ह्यांचा आवाज आला. मागे दुकानातली माणसं बोलत होती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत मी म्हटलं, "म्हावरा नाय ओ. मूत. आणि भरपूर झाला."

मग ते म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं.